विश्रामगृहाचं मशीन आणि वाठोरे

एक नंबर खोलीच्या मशीनला भोक मी पाडलं होतं. वाठोरेंनी नाही. त्या सकाळी वाठोरे लातुरात नव्हतेच. ते मुंबईला गेले होते, आणि जाताना मला विचारून, माझ्या टेबलावर रजेचा अर्ज ठेवून गेले होते. कागदोपत्री मात्र ते भोक आजही त्यांच्याच नावावर आहे. ती फाइल कुठल्या तरी कपाटात असेल, नाहीतर वाळवीनं खाल्ली असेल. तिच्यातला मजकूर मला पाठ आहे, कारण तो मीच लिहिला होता.

हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे वाठोरेंबद्दल जे चांगलं लिहीन, ते वाचताना कुणाला माझ्याबद्दल चांगलं वाटायला नको.

लातूर तेव्हा नुकतं जिल्हा झालं होतं. उस्मानाबादहून कपाटं आणि फायली ट्रकनं येत होत्या. भाड्याच्या घरांच्या दारांवर कार्यालयांच्या पाट्या लागत होत्या, आणि पाटीचा रंग वाळायच्या आत माणसं अर्ज घेऊन उभी राहत होती. जिल्हा आला, पण पाऊस आला नाही. सलग दोन वर्षं कोरडी गेली. नवीन जिल्ह्याचे नवीन अधिकारी यायचे, दुष्काळी कामं बघायला मुंबईचे साहेब यायचे, आणि ते सगळे आमच्या खात्याच्या नव्या विश्रामगृहात उतरायचे. तिथली वीज, पंखे, मोटारी आणि मशिनं माझ्याकडे होती. मी अठ्ठावीस वर्षांचा कनिष्ठ अभियंता होतो. गाव औशाजवळ, घरी शेती. खुर्ची नवीन होती, आणि ती टिकवायची धास्तीही नवीन होती.

विश्रामगृहाला चार खोल्या आणि चार मशिनं. ती साधी एसी नव्हती. एक मूठ होती, ती डावीकडे फिरवली की खोली थंड व्हायची, उजवीकडे फिरवली की गरम. उत्तरेकडच्या शहरांसाठी केलेली ही मशिनं मुंबईतून कुणीतरी लातूरला पाठवली होती. आमचा खानसामा रंगनाथ म्हणायचा, "लातूरला खोली गरम करायचं मशीन! साहेब, मे महिन्यात मूठ चुकून उजवीकडं गेली तर पाहुणा भाजूनच भायेर काढावा लागंल."

ती मशिनं खोलायची कुणाचीच हिंमत होईना, म्हणून नांदेडच्या कार्यशाळेतून गंगाराम वाठोरेंना बोलावलं.

ते एसटीनं आले. एका खांद्यावर कॅनव्हासची पिशवी, दुसऱ्या हातात हत्यारांची पेटी. चाळिशीचा उंच, काटक माणूस, कानाजवळ केस पांढरे झालेले. गाव हदगाव तालुक्यातलं. शिक्षण सातवीपर्यंत, आणि त्यानंतरचं हैदराबादच्या एका बर्फाच्या कारखान्यात. शर्टाच्या खिशाला पेन दिसायचं, पण ते पेन नव्हतं. जुन्या शाईच्या पेनाच्या नळीत त्यांनी काचेचं तापमापक बसवलं होतं. बोलता बोलता ते बाहेर काढायचे, कशात तरी बुडवायचे, नाहीतर हवेत धरायचे, आणि आकडा स्वतःशीच पुटपुटायचे. एखादी वस्तू थंड आहे की गरम, हे त्यांना कुणाच्या तोंडून ऐकायचं नसायचं.

'थंडी' हा शब्द तर त्यांना सोसायचाच नाही. मी पहिल्याच दिवशी म्हणालो, "वाठोरे, हे मशीन थंड हवा बरोबर सोडतंय का बघ."

मी त्यांना अरे-तुरे करायचो. ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे होते.

ते म्हणाले, "सोडत न्हाई साहेब. आतली उष्णता उचलून भायेर नेऊन राहिलंय. थंडी मनून काही वस्तूच न्हाई. उष्णता हाय, न्हाईतर कमी हाय. थंडी आजपातूर कुणी डब्यात भरून आणली का?"

मी पदविका घेतलेला माणूस. हे मला पुस्तकात शिकवलं होतं आणि परीक्षेत मी लिहिलंही होतं. पण कळलं ते त्या व्हरांड्यात, जेव्हा त्यांनी मशीनचं झाकण काढून तांब्याच्या नळ्यांवरून बोट फिरवत मला समजावलं.

"मोंढ्यात हमाल बघितलेत ना? ह्या नळीतला गॅस हमाल हाय. खोलीत शिरला की त्याला पसरायला जागा भेटती, तो एकदम गार पडतो, आन खोलीतली उष्णता त्याच्या पाठीवर चढून बसती. हे ओझं घिऊन तो जातो मुकादमाकडं. ह्यो काळा डबा, कॉम्प्रेसर, ह्यो मुकादम. तो हमालाला दाबतो. दाबलं की गॅस तापतो, भायेरच्या हवेपेक्षा बी जास्त तापतो. मग भायेरच्या नळीत गेला की ओझं आपोआप उतरतं. रिकामा झाला की परत आत. दिवसभर ह्याच खेपा."

"आणि मूठ उजवीकडे फिरवली की?"

"मुकादमानं रस्ता उलटा केला. तोच हमाल, तेच ओझं. भायेरचं उचलायचं, आत आणून टाकायचं."

"पण बाहेरच गारठा असेल तर उष्णता आणणार कुठून?"

हा प्रश्न मी त्यांना अडवायला विचारला होता. ते खूश झाले. म्हणाले, "भायेर दहा डिग्री असली तरी उष्णता हायच की. उष्णता पाण्यावानी उतारानं जाती. आपून तिच्याहून खाली बसायचं. भायेर दहा असंल तर आपली नळी शून्याच्या खाली न्यायची, मग दहाची उष्णता उतरून नळीत येती. आता शेगडी काय करती? उष्णता तयार करती, तिला लई वीज लागती. ह्यो तयार करत न्हाई, नुस्ता वाहून आणतो. मनून थोड्या विजेत भागतं."

मग नळीवर टिचकी मारून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ती मी नीट ऐकली होती, हे इथं कबूल केलं पाहिजे. ते म्हणाले, "पर इतकं खाली बसलं की हवेतला ओलावा भायेरच्या नळीवर गोठतो. बर्फ धरतो. मंजी मशीन बिघडलं असं न्हाई. मूठ डावीकडं फिरवायची, हमालाला उलटा पळवायचा, दहा मिनिटं. भायेरची नळी तापती, बर्फ गळून पडतो. तेवढा वेळ खोलीत गार वारं येतं, ते सोसायचं. हत्यार लावायचं न्हाई. लई नाजूक नळी हाय."

चहाची एक गोष्ट आहे. रंगनाथ मला चहा कपबशीत द्यायचा. वाठोरेंचा चहा काचेच्या ग्लासात, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला. तो ग्लास त्यांनीच विसळून पुन्हा तिथंच ठेवायचा. पहिल्या दिवशी कुणी काही बोललं नव्हतं; आडनाव ऐकून रंगनाथनं परस्पर ठरवून टाकलं होतं. आठवडाभरानं वाठोरेंनी खिशातलं तापमापक काढून आपल्या ग्लासात बुडवलं. आकडा वाचला. स्वच्छ फडक्यानं पुसलं आणि मला विचारलं, "साहेब, तुमच्यात बुडवू का?"

मी हो म्हणालो. त्यांनी बुडवलं, उजेडाकडे धरलं आणि रंगनाथला हाक मारली.

"रंगनाथ, ह्यो बासष्ट. आन ह्यो बी बासष्ट. चहाला काई फरक कळंना गड्या!"

रंगनाथ ओशाळून हसला. म्हणाला, "मिस्तरी, तुमी बी ना." मीही हसलो, आणि तो चहा पिऊन टाकला. त्यांचं तापमापक बुडवलेला चहा आपण प्यालो, याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला. घरी जाऊन बायकोला सांगितलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी ग्लास पुन्हा खिडकीतच होता. विश्रामगृह माझ्या ताब्यात होतं. मी एक वाक्य बोललो असतो तर ग्लास टेबलावर आला असता. ते वाक्य मी वर्षभरात बोललो नाही.

त्या वर्षीचा श्रावण आठवतो. ढग यायचे, अंगाला चिकचिक व्हायची, आणि थेंब पडायचा नाही. पाहुण्यांसाठी मशिनं थंडवर चालू असली की मागच्या बाजूनं पाणी ठिबकायचं. वाठोरेंनी चारी मशिनांना रबरी नळ्या जोडून ते पाणी मागच्या भिंतीपलीकडे काढलं. तिथं दुष्काळी कामावरच्या माणसांच्या झोपड्या होत्या. संध्याकाळपर्यंत दोन-तीन घागरी भरायच्या. नळीखाली घागरी ठेवण्यावरून बायांची भांडणं लागली, तेव्हा वाठोरेंनी पाळ्या लावून दिल्या.

"पिऊ नगा बरं," ते बजावायचे. "धूळ असती त्याच्यात. भांडी घासा, लुगडी धुवा."

एक म्हातारी त्यांना विचारत होती, "मिस्तरी, कुठून येतंय हे पाणी? टाकीतून?"

"हवेतून, मावशे."

"हवेत हाय मग वरून का पडंना?"

"वर तेवढं गार न्हाई झालं. हितं नळी गार हाय, मनून तिच्यावर पाणी धरतंय."

"मग तुमची नळी तिकडं ढगात न्हिऊन बसवा की! हितं भितीला लावून काय करून राहिलाव?"

सगळ्या बाया हसल्या. वाठोरे तर इतके हसले की डोळे पुसावे लागले. पुढे महिनाभर कुणीही भेटलं की ते हाच किस्सा सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "मला काई जवाब सुचला न्हाई बगा."

पाहुणे नसले की मशिनं बंद, आणि घागरी कोरड्या. एके दिवशी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "साहेब, मशिनं बंद राहिली की खराब होतेत. रोज दोन तास चालवून तपासायला पायजेत." त्यांचा चेहरा इतका सरळ होता की मला हसू आलं. मी म्हणालो, "चालव. कुणी विचारलं तर मी आहे."

ते स्वतःविषयी फार बोलत नसत. अकरा वर्षं ते खात्यात होते, पण कायम नव्हते; काम असेल तोवर नोकरी, असा तो प्रकार. नवीन जिल्ह्यामुळे नवीन जागा निघाल्या होत्या, कायम करायच्या लोकांची यादी तयार होत होती, आणि तिच्यात त्यांचं नाव तिसरं होतं. एकदाच, नळीला झाळ देता देता, ते म्हणाले, "नाव लागलं की क्वार्टर भेटतं मनतेत. मग पोरीला हितल्या शाळंत घालतो. चौथीत हाय. तिची आई मनती, हदगावात राहून तिचं डोकं वाया जाईल." मुलीचं नाव सुजाता. तिची मार्कांची पत्रिका ते हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवायचे.

डिसेंबरात कडक थंडी पडली. कोरड्या वर्षाची थंडी, अंगाला ओरबाडणारी. सहा तारखेला मुंबईला जायचं म्हणून वाठोरेंनी चार दिवसांची रजा मागितली. दर वर्षी ते जायचे. मी म्हणालो, "अर्ज ठेवून जा, सही करतो." आमच्याकडे रजा अशीच दिली जायची, साहेबानं तोंडानं 'जा' म्हणायचं आणि सही सवडीनं व्हायची. जाताना त्यांनी चारी मशिनांच्या वर एकेक चिठ्ठी चिकटवली. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाचं वळणदार अक्षर: "बाहेरील नळीवर बर्फ दिसल्यास मूठ डावीकडे करावी. दहा मिनिटे थांबावे. मग उजवीकडे. टोचू नये."

आणि ते नसतानाच मुंबईहून एक सचिव आले. दुष्काळी कामांची पाहणी होती. वयस्कर माणूस, दम्याचा त्रास. खोली गरम पाहिजे, असा आदल्या दिवशीच निरोप आला होता. सकाळी सहाला मी विश्रामगृहावर पोचलो. एक नंबर खोलीतलं मशीन रात्रभर गरमवर चाललं होतं आणि आता कोमट फुंकर सोडत होतं. मागे जाऊन पाहिलं, तर बाहेरच्या नळ्या दिसतच नव्हत्या. पांढरा थर, बोटभर जाड.

मी आत आलो आणि मूठ डावीकडे फिरवली. चिठ्ठीप्रमाणेच केलं. खोलीत थंड वारा सुटला. सचिव शाल गुंडाळून पलंगावर बसले होते, खोकत होते. त्यांचे स्वीय सहायक माझ्यावर खेकसले, "अहो, गरम करायला सांगितलं, तुम्ही थंड करताय! साहेबांना मारायचंय का?"

मी म्हणायला हवं होतं की दहा मिनिटं थांबा. बर्फ वितळतोय, साहेबांना तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत बसवू. दुसरी खोली रिकामीच होती! पण मोठे साहेब, म्हणजे माझे कार्यकारी अभियंता, सात वाजता येणार होते, आणि मला दहा मिनिटं हा फार मोठा काळ वाटला. मी मूठ पुन्हा उजवीकडे फिरवली, मागे गेलो आणि स्क्रू ड्रायव्हरनं बर्फ खरवडायला लागलो. मोठाले तुकडे पडले. मला वाटलं, जमतंय. मग टोक आत गेलं. फुस्स आवाज झाला, आणि माझ्या बोटांवर तेलकट गार फवारा उडाला. तो आवाज बराच वेळ चालला. मी भोकावर अंगठा दाबून उभा राहिलो, जणू अंगठ्यानं गॅस आत राहणार होता.

मोठे साहेब आले तेव्हा खोलीत रंगनाथनं शेगडी आणून ठेवली होती, आणि धुरानं सचिवांना आणखी खोकला लागला होता.

"मेकॅनिक कुठे आहे?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"रजेवर, साहेब."

"कुणी दिली रजा?"

माझ्या टेबलाच्या खणात अर्ज पडला होता. मी म्हणालो, "सांगून गेला होता, साहेब."

"म्हणजे मंजूर नव्हती."

मी गप्प राहिलो. माझं गप्प राहणं त्यांनी उत्तर म्हणून घेतलं, आणि ते तसंच घेतील हे मला माहीत होतं.

"मशीन कसं फुटलं?"

"नळीला भोक आहे, साहेब. आधीपासून असेल."

"अहवाल द्या. आजच."

ते वळताच मी खोलीत गेलो. मशीनवरची चिठ्ठी काढली आणि रंगनाथच्या शेगडीत टाकली. रंगनाथ तिथंच होता. त्यानं पाहिलं आणि पातेलं उचलून निघून गेला. दुपारी मी अहवाल लिहिला. मेकॅनिक मंजुरीशिवाय गैरहजर. मशीनची देखभाल निष्काळजीपणे केलेली, त्यातच बाहेरील नळीला भोक पडलेले. पाहुणे नसतानाही मशिनं विनाकारण चालवली जात असल्याचे आढळले. हे शेवटचं वाक्य मला कुणीही लिहायला सांगितलं नव्हतं. अहवाल भक्कम व्हावा म्हणून ते मी आपणहून घातलं.

चौथ्या दिवशी वाठोरे आले. त्यांना अजून काही ठाऊक नव्हतं. त्यांनी नळीत थोडा गॅस भरला आणि दाढीच्या ब्रशनं साबणाचा फेस लावला. भोकावर बुडबुडा फुगला. नळीभोवतीच्या दबलेल्या पातळ पत्र्यांवरून त्यांनी बोट फिरवलं, मग मशीनच्या वर पाहिलं.

"साहेब, हितं चिठ्ठी व्हती."

"पडली असेल."

त्यांनी भोकावरचा फेस पुसला. मग म्हणाले, "हाव. पडली असंल."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांनी नळी झाळली, गॅस भरला, मशीन चालू करून तापमापक लावलं आणि आकडा वाचला. दुसऱ्या दिवशी त्यांना कमी केल्याचा कागद आला. यादीत नाव राहिलं नाही. मला वाटलं, आता ते माझ्या खोलीत येतील, ओरडतील. ते आले ते विश्रामगृहाच्या चाव्या द्यायला. चाव्या टेबलावर ठेवून म्हणाले, "पुढल्या टायमाला दहा मिनिटं थांबा, साहेब." आणि पेटी उचलून बस स्टँडकडे गेले.

मी पुढे चढत गेलो. उपअभियंता झालो, कार्यकारी अभियंता झालो. मधली पाच वर्षं नांदेडला होतो. हदगावात वाठोरेंनी फ्रिज दुरुस्तीचं दुकान टाकल्याचं कळलं होतं. हिमायतनगरच्या कामावर जाताना रस्त्यात हदगाव लागायचं, आणि ते गाव येण्याआधी मी जीपमध्ये फाइल उघडून बसायचो. पाच वर्षांत मी हदगावचा रस्ता नीट पाहिलेला नाही.

मागच्या हिवाळ्यात लातूरच्या घरी नवीन मशीन घेतलं. बायकोचे सांधे दुखतात म्हणून थंड आणि गरम दोन्ही करणारं. एका सकाळी ते चालता चालता आपोआप थांबलं. बायको म्हणाली, "अहो, बंद पडलं बघा. नवीनच्या नवीन." मी गच्चीवर गेलो. बाहेरच्या पेटीतून वाफ निघत होती, खाली पाणी गळत होतं. मशीन स्वतःच बर्फ वितळवत होतं. आता त्याला कुणी सांगावं लागत नाही. थोड्या वेळानं ते पुन्हा सुरू झालं. मी मात्र गच्चीवरच बसून राहिलो. इतकं साधं होतं ते. नुसतं थांबायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी हदगावची बस धरली.

दुकान छोटं, मागे घर. वाठोरे बाहेरच खुर्चीवर बसले होते. केस सगळे पांढरे, हात थोडे थरथरत होते, एका डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं.

"या, साहेब. तिकडं पाणी कसं हाय औंदा?"

सुजाता सुट्टीला आली होती. ती नांदेडला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. "लातूरच्या हापिसातले साहेब हायेत," वाठोरेंनी तिला सांगितलं, आणि तिनं मला खुर्ची दिली. एका गिऱ्हाइकानं मिक्सर आणून ठेवला होता. वाठोरेंनी सवयीनं स्क्रू ड्रायव्हर उचलला, आणि आतून त्यांच्या पत्नी, पारूबाई, ओरडल्या, "ठिवा ते खाली! सुजा, घे ग त्यांच्या हातातलं. सरकारी मशीनला भोक पाडून घरी आलेला हात हाय त्यो."

"झालं आईचं सुरू," सुजाता हसली. गिऱ्हाईकही हसलं, गावात ही जुनी थट्टा असावी. वाठोरेही हसले. माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

पारूबाई दारात येऊन मला म्हणाल्या, "तुमी त्याच हापिसात व्हता न्हाई का? मंग तुमाला ठावंच असंल. यादीत नाव निघालं व्हतं ह्यांचं! आन ह्यांनी धसमुसळेपणा केला. पोरगी लातूरला शिकणार व्हती. हितंच शिकली, रोज एसटीनं नांदेड केलं. शिकली, ते तिच्या हिमतीवर शिकली."

"जाऊ दे ना आता," वाठोरे म्हणाले. "चहा टाक."

त्या आत गेल्या, सुजाता त्यांच्यामागे गेली. मी खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात विचारलं, "तुम्ही घरी सांगितलं नाही?"

"काय सांगू? खरं सांगितलं असतं तर ही दुसऱ्या दिवशी लातूरला येऊन तुमच्या दारात बसली असती. आन तुमी न्हाई मनला असता. ते तिच्यासमोर मला ऐकायचं नव्हतं."

"वाठोरे, मी त्याच्यासाठीच आलोय. मला तुम्हाला सांगायचंय की..."

त्यांनी हात वर केला. "मला सांगून काय उपेग, साहेब? पत्रे भायेरून आत दबले व्हते. मला तर त्याच दिवशी ठावं झालं."

मी बसमध्ये दोघांपुरतं बोलणं जुळवून आलो होतो. एकांतात, हलक्या आवाजात. दोन माणसांत मिटवून मी संध्याकाळी लातूरला परत गेलो असतो, आणि या घरात ते भोक वाठोरेंच्याच हाताचं राहिलं असतं.

पारूबाई चहा घेऊन आल्या तेव्हा मी उभा राहिलो.

"पारूबाई, ते भोक यांनी पाडलं नाही. हे त्या दिवशी लातुरात नव्हते. मी पाडलं, स्क्रू ड्रायव्हरनं. टोचू नका म्हणून यांनी चिठ्ठी लावली होती, ती मी जाळली. रजा मी दिली होती, आणि दिली नाही असं भासवलं. यांचं नाव यादीतून माझ्यामुळे गेलं."

सुजाता आतून येऊन दारातच थांबली. पारूबाईंनी हातातल्या कपबशा मिक्सरशेजारी ठेवल्या. त्यांनी मला काही विचारलं नाही. नवऱ्याला विचारलं, "खरं हाय?"

वाठोरेंनी मान हलवली.

"आन मी एवढी वर्षं बोलत व्हते, तर तुमी हसत व्हता?"

वाठोरेंनी तोंड रस्त्याकडे फिरवलं. पाठ ताठ होती, दोन्ही हात गुडघ्यांवर. मला फक्त त्यांचा गाल दिसत होता, आणि तो हलत होता.

मिक्सरवालं गिऱ्हाईक जायला निघालं होतं. मी त्याला थांबवलं, म्हणालो, तुम्हीही ऐका. मग वाठोरेंच्या समोर, रस्त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "वाठोरेसाहेब, चूक माझी होती आणि मी ती तुमच्या नावावर लिहिली. घाबरून एकदा लिहिली, आणि मग सोयीचं होतं म्हणून इतकी वर्षं तशीच राहू दिली. मला माफ करा."